सीमेवरचा श्रोता

कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यात करजगी नावाचे गाव आहे. तालुक्याची शीव ओलांडली की सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुका लागतो. १९४८ पूर्वी या शिवेच्या एका बाजूस अक्कलकोटचे संस्थान व दुसऱ्या बाजूस निजामाचे राज्य होते. १९५६ नंतर एका बाजूस मुंबई राज्य व दुसऱ्या बाजूस म्हैसूर राज्य आले. आज तेथे महाराष्ट्र आणि कर्नाटक आहेत. राज्ये बदलली, त्यांची नावे बदलली, १९७३ साली म्हैसूरचे कर्नाटक झाले आणि २०१४ साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. परंतु या पट्ट्यातील माणसाच्या कानाला दोन भाषांची जी सवय आहे, ती मात्र बदलली नाही. घरात मराठी, बाजारात कानडी, किंवा घरात कानडी आणि सोयरिकीत मराठी, असा येथील व्यवहार आहे. थोरल्या भावाला अण्णा आणि थोरल्या बहिणीला अक्का म्हणणारा मराठी माणूस हे शब्द कानडीशी सामाईक आहेत, याचा विचारही करीत नाही. पानाच्या तबकातला अडकित्ताही कानडी मुलुखातूनच आलेला आहे.

अशा ठिकाणच्या श्रोत्यासमोर साहित्यसंमेलनाचे व्यासपीठ उभे राहिले, तर त्यावर कोणी यावे आणि कोणत्या वाणीने बोलावे? हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. एप्रिल २०२२ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ९५ वे अधिवेशन उदगीर येथे भरले. उदगीर आज लातूर जिल्ह्यात आहे. पण १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत ते बीदर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते. म्हणजे मराठीचा हा सर्वांत मोठा उत्सव जुन्या बीदर जिल्ह्याच्या भूमीवरच साजरा झाला. कथाकार भारत सासणे हे अध्यक्ष होते. ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी असलेले कोंकणी कथाकार दामोदर मावजो हे पाहुणे म्हणून आले होते. अशा संमेलनात ग्रंथदिंडी निघते, परिसंवाद होतात, कविसंमेलन रात्री उशिरापर्यंत रंगते, कथाकथन होते, पुस्तकांची दालने लागतात आणि सायंकाळी गाण्याबजावण्याचे कार्यक्रम होतात. लेखक आणि कलावंत अशा दोघांच्याही वाट्याला हे व्यासपीठ येते.

या दोघांच्या संबंधाविषयी विचारी मंडळींत एक तक्रार नेहमी ऐकू येते. करमणुकीच्या कार्यक्रमांना गर्दी होते आणि परिसंवादाच्या मंडपात खुर्च्या रिकाम्या राहतात. तेव्हा गाणारे आणि सोंगे आणणारे यांनी लेखकांचा उत्सव बळकावला आहे, असे म्हटले जाते. पुण्यामुंबईच्या दृष्टीने या तक्रारीत काही तथ्य असेल. परंतु करजगीच्या शिवेवर उभे राहून पाहिले, तर चित्र उलटे दिसते. येथे कलावंत हा लेखकाचा प्रतिस्पर्धी नसून त्याचा नावाडी आहे. तो नसेल, तर लेखक पलीकडच्या तीरावर पोहोचतच नाही.

याचे कारण लिपीत आहे. भाषा कानाने शिकता येते. लिपी शाळेत शिकावी लागते. सीमेपलीकडील मराठी घरातला मुलगा कानडी माध्यमाच्या शाळेत गेला की त्याची अक्षरओळख कानडी लिपीत होते. आजीची गोष्ट त्याला मराठीत समजते, देवळातले कीर्तन समजते, लग्नातली गाणी समजतात. पण तीच गोष्ट मराठी पुस्तकात छापलेली दाखविली, तर ओळीमागून ओळ अडखळत वाचावी लागते. तीच अवस्था अक्कलकोटकडच्या कानडी घरातल्या मुलाची. तो मराठी शाळेत शिकतो आणि आईच्या तोंडची कानडी त्याला केवळ ऐकण्यापुरती उरते. हे श्रोते निरक्षर नाहीत. उलट ते दोन भाषांचे धनी आहेत. तथापि त्या दोहोंपैकी एक भाषा त्यांच्याजवळ अक्षरावाचून असते. छापील पुस्तकावर जगणारा लेखक या श्रोत्याला गाठू शकत नाही. बोलणारा, गाणारा, सांगणारा मात्र त्याला सहज गाठतो.

या भूमीने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. बाराव्या शतकात कल्याण नगरीत, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणात, महात्मा बसवेश्वर आणि त्यांचे सहकारी शरण यांनी जे वचनसाहित्य निर्माण केले, ते मुख्यतः बोलण्याचे आणि ऐकण्याचे साहित्य होते. त्याचे नावच वचन. ज्याला संस्कृत येत नाही, ज्याला पोथी उघडता येत नाही, त्या कष्टकऱ्याच्या कानी पडावे आणि मनात राहावे, अशी त्याची घडण होती. अनुभवमंटपाची जी परंपरा सांगितली जाते, तिच्यात निरनिराळ्या जातींचे आणि व्यवसायांचे स्त्रीपुरुष एकत्र बसून बोलत. लेखक निराळा आणि श्रोता निराळा, अशी फाळणी तेथे झालेली नव्हती.

करजगीच्याच तालुक्यात, भीमा आणि अमरजा यांच्या संगमावर गाणगापूर आहे. श्रीनृसिंहसरस्वतींच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या या क्षेत्राची कथा सरस्वती गंगाधर यांनी ‘गुरुचरित्र’ या ग्रंथात सांगितली. या ग्रंथकर्त्याची घरची भाषा कानडी होती, असे अभ्यासक मानतात. आपल्याला महाराष्ट्रभाषा नीट येत नाही, अशी नम्र कबुली त्यांनी ग्रंथातच दिली आहे. तरीही त्यांनी मराठी ओवी स्वीकारली आणि ती ओवी महाराष्ट्राच्या घराघरांत गेली. याहूनही लक्षणीय गोष्ट अशी की, या मराठी ग्रंथात कानडी भाषेतील स्तोत्र देवनागरी अक्षरांत तसेच ठेवलेले आहे. सप्ताहाचे पारायण करणारा कोकणातला किंवा वऱ्हाडातला वाचक कानडीचा एक शब्द न जाणताही ते स्तोत्र मोठ्याने म्हणतो. लिपीने भाषेची वाट अडवू नये म्हणून काय करावे, याचा धडा या ग्रंथाने कित्येक शतकांपूर्वी घालून दिला आहे. भाषा परकी असली तरी अक्षर ओळखीचे दिले, म्हणजे जीभ वळते. आणि जीभ वळली, म्हणजे कान हळूहळू तयार होतो.

बीदर जिल्ह्यातील हुमनाबादजवळचे माणिकनगर हे या परंपरेचे आणखी एक ठाणे. माणिकप्रभूंचा जन्म १८१७ सालचा, बसवकल्याणाजवळील लाडवंती येथला. त्यांनी १८६५ साली समाधी घेतली. त्यांच्या पदांत मराठी आहे, कानडी आहे आणि हिंदीही आहे. ज्या भाषेत भक्त समोर बसला असेल, त्या भाषेत पद, असा तो सरळ न्याय. दत्तजयंतीच्या उत्सवात तेथे गवयांची हजेरी लागते. त्या दरबारात पदाचा कर्ता आणि पदाचा गायक यांच्यात उच्चनीचभाव नाही. पद रचले गेले ते गाण्यासाठी, आणि गायिले गेले म्हणून ते टिकले.

मराठी रंगभूमीचा इतिहासही हेच सांगतो. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले आणि त्यांपासून स्फूर्ती घेऊन विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. पुढे १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, कानडी मुलुखातून आले आणि मराठी नाट्यपदे गाऊन मराठी प्रेक्षकांचे लाडके झाले. मराठी माणसाने त्यांचे गाणे ऐकताना त्यांच्या मातृभाषेची चौकशी केली नाही. नाटककाराचे शब्द आणि गायकाचा गळा एकत्र आले, की सीमेवरचे जकातनाके आपोआप उघडत.

कलावंताप्रमाणे काही लेखकांनीही हा दुहेरी प्रवास केला. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. पण ते कानडीचे महाकवी झाले. १९४३ साली शिमोगा येथील कानडी साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांनी मराठीतही लेखन केले. १९४४ ते १९५६ या काळात ते सोलापूरच्या महाविद्यालयात कानडीचे प्राध्यापक होते. बेंद्रे कविता वाचीत नसत, ती जणू समोर घडवून दाखवीत. त्यांच्या काव्यगायनाची आठवण कानडी रसिक अजून काढतात.

सोलापूरच्याच जयदेवीताई लिगाडे यांचे उदाहरण तर या सीमेचे स्वतःचे आहे. १९१२ साली सोलापुरात जन्मलेल्या या बाईंचे शिक्षण मराठीतून झाले. कानडी त्यांनी पुढे जिद्दीने आत्मसात केली. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्यावर त्यांनी कानडीत मोठे पुराणकाव्य रचले आणि शरणांची वचने मराठीत आणली. १९७४ साली मंड्या येथे भरलेल्या कानडी साहित्यसंमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. त्या व्यासपीठावर अध्यक्षस्थानी बसलेली ती पहिली स्त्री. मराठी संमेलनाला पहिली स्त्री अध्यक्ष कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने १९६१ साली ग्वाल्हेरला मिळाली होती. सोलापूर कर्नाटकात असावे, असे जयदेवीताईंचे मत होते आणि ते अनेक मराठी भाषकांना रुचणारे नव्हते. परंतु वचनांचा मराठी अनुवाद करताना त्यांनी ते मत आड येऊ दिले नाही. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी बसवकल्याणात घालविली आणि १९८६ साली त्या निवर्तल्या.

दोन्ही भाषांची संमेलने एकाच अंगणात भरण्याचे योगही या पट्ट्यात वारंवार आले आहेत. १९२९ साली बेळगावात शिवराम महादेव परांजपे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी संमेलन भरले, आणि त्याच वर्षी त्याच गावी मास्ती व्यंकटेश अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली कानडी संमेलन भरले. सोलापुरात १९४१ साली वि. स. खांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी संमेलन झाले आणि १९५० साली कानडी संमेलन झाले. गुलबर्ग्याने कानडी संमेलनाचे आतिथ्य १९२८, १९४९, १९८७ आणि २०२० अशा चार वेळा केले. मराठी संमेलन निजामाच्या राजधानीत, हैदराबादेत, १९३१ व १९४७ साली भरले. एवढ्या वेळा मांडव पडले. पण एका भाषेच्या मांडवातून दुसऱ्या भाषेच्या श्रोत्याला आवर्जून हाक दिली जावी, ही गोष्ट मात्र क्वचितच घडली. प्रत्येक संमेलन आपापल्या भाषेच्या अभिमानाचे राहिले. अभिमान हा दोष नव्हे. पण ज्या श्रोत्याला दोन्ही भाषा आपल्या वाटतात, त्याने अशा वेळी कोणत्या रांगेत बसावे?

व्यासपीठावर कोणाला जागा आहे आणि कोणाला नाही, हा प्रश्न मराठी संमेलनाला जन्मापासून चिकटलेला आहे. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात पहिले ग्रंथकार संमेलन भरले. १८८५ च्या दुसऱ्या संमेलनाचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी पत्र लिहून नाकारले. ज्या सभेत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला स्थान नाही, तिच्याशी आपले जमणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. या असमाधानातूनच पुढे निराळी व्यासपीठे उभी राहिली. १९९९ साली मुंबईत धारावीत बाबुराव बागूल यांच्या अध्यक्षतेखाली पहिले विद्रोही साहित्य संमेलन भरले, आणि २०२२ साली उदगीर येथेही अखिल भारतीय संमेलनाच्या दिवसांतच विद्रोही संमेलन झाले. २०१९ च्या यवतमाळच्या संमेलनाला इंग्रजीत लिहिणाऱ्या नयनतारा सहगल यांना उद्घाटक म्हणून बोलावून ते निमंत्रण मागे घेण्यात आले, तेव्हा अनेक मराठी लेखकांनी संमेलनाला जाण्याचे नाकारले. त्या तुलनेत उदगीरला कोंकणी लेखकाचा झालेला सन्मान निश्चितच आश्वासक होता. मात्र उदगीरहून बीदर काही तासांच्या अंतरावर आहे, आणि कोंकणीपेक्षाही निकटचा शेजार कानडीचा आहे, याचा विसर पडू नये.

मग या सीमेवर संमेलनाने करावे तरी काय? उत्तर फार मोठ्या खर्चाचे नाही. मराठीतच त्याचे नमुने आहेत. १९६० नंतरच्या काळात व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार हे तिघे लेखक गावोगाव हिंडले आणि त्यांनी आपल्या कथा व्यासपीठावरून सांगितल्या. सांगितल्या हा शब्द महत्त्वाचा आहे. त्यांच्या तोंडची बोली माणदेशाची, कोल्हापूरकडची, पंढरपूरकडची. आणि समोरच्या शेतकऱ्याला ती आपल्याच चावडीवरची वाटे. ज्याने आयुष्यात कथासंग्रह हाती धरला नाही, तोही त्या कथांना पोट धरून हसला आणि शेवटी गप्प होऊन घरी गेला. हे तिघेही पुढे अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष झाले. विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट यांनी कवितेच्या बाबतीत हेच कार्य केले. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’त ग. दि. माडगूळकरांचे शब्द सुधीर फडके यांच्या संगीतातून वर्षभर घरोघरी पोहोचले. छप्पन्न गीतांचे ते काव्य आधी ऐकले गेले आणि मग वाचले गेले. त्याचे अनुवाद कानडीसह अनेक भाषांत झाले.

या उदाहरणांचे तात्पर्य असे की, जेथे लेखक स्वतः सांगणारा झाला किंवा सांगणाऱ्याशी त्याने मैत्री केली, तेथे साहित्याचे क्षेत्र विस्तारले. करजगीसारख्या गावी एखाद्या कवीने मराठी कविता म्हणावी, लगेच तिचा कानडी अनुवाद दुसऱ्याने म्हणावा; कानडी कथाकाराने कथा सांगावी आणि तिचे मराठी रूप एखाद्या नटाने सादर करावे; वचन आणि अभंग एकाच बैठकीत गायिले जावेत. आणि श्रोत्याच्या हाती जो कागद द्यायचा, त्यावर मराठी शब्द कानडी अक्षरांत आणि कानडी शब्द देवनागरी अक्षरांत छापलेले असावेत. गाणगापूरच्या ग्रंथकर्त्याने जे केले, तेच पुन्हा करावयाचे. नवे असे त्यात काहीच नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. अशाने मराठी श्रोत्याला देवनागरी शिकण्याची गरजच उरणार नाही आणि भाषेचे उरलेसुरले मूळही तुटेल, असे कोणी म्हणेल. आक्षेप विचार करण्यासारखा आहे, कारण केवळ कानावर जगणारी भाषा दोन पिढ्यांत क्षीण होते. पण या आक्षेपाचे उत्तर अनुभवातच आहे. ज्या कवितेने मनाला ओढ लावली, तिच्यासाठी माणूस अक्षरे शिकतो. अक्षरे आधी शिकून मग ओढ लागल्याची उदाहरणे विरळा. जयदेवीताईंनी कानडी आत्मसात केली, ती सक्तीने नव्हे, सिद्धरामाच्या ओढीने. परक्या अक्षरांत छापलेला तो कागद म्हणजे पुस्तकाची जागा घेणारी वस्तू नव्हे. पुस्तकाच्या दारापर्यंत नेणारी ती पायरी आहे.

सीमेचा वाद २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. त्याचा निकाल न्यायासनाने द्यावयाचा आहे; साहित्यिकांनी आणि कलावंतांनी तो आपल्या व्यासपीठावर द्यावा, अशी कोणाचीही अपेक्षा नाही. त्यांच्याकडून अपेक्षा एवढीच की, समोर बसलेल्या माणसाला आपण कोणाचे, असे विचारण्याची पाळी त्यांनी आणू नये. संतांनी पंढरीच्या विठ्ठलाला कानडा म्हटले आणि त्यामुळे तो मराठी माणसाला परका झाला नाही. संमेलनाचे तीन दिवस संपतात, मांडव उतरतो, पाहुणे आपापल्या गाड्यांनी परत जातात. मागे उरतो तो श्रोता. रात्री घरी गेल्यावर आजीने विचारले की आज काय ऐकलेस, आणि त्या मुलाला दोन ओळी तिच्या भाषेत म्हणून दाखविता आल्या, तर ते संमेलन सार्थकी लागले असे म्हणावे.